दोन्हीकडची रहिवासी

१२ फेब्रुवारी
मयूरीचा नीटचा फॉर्म भरायला घेतला. घरीच, माझ्या कॉम्प्युटरवर. बाहेर दुकानात भरणारा जन्मतारीख तीनदा विचारतो आणि तरी चुकवतो.
फोटो, सही झालं. अडलं बोटांच्या ठशांवर. रविवारी गावी, निंबोल्याला जाऊन बापाबरोबर केळीचे घड उतरवून आली आहे. चिकाचे काळे डाग दहाही बोटांना. लिंबू झालं, रॉकेल झालं, गोडं तेल झालं. ठसा शाईचा की चिकाचा, कळेना. म्हटलं, परीक्षा होईपर्यंत मळ्यात पाय ठेवायचा नाही.
"हात ठेवायचा नही म्हना आत्या. पाय ठेवला त चालते."
जीभ आईची घेतली आहे.

१४ फेब्रुवारी
ठसे उमटले एकदाचे. फॉर्म गेला. 'कुठल्या राज्याचे रहिवासी' या रकान्यात मध्य प्रदेश. विचार करावा लागला नाही.
परीक्षा एकच, एमबीबीएस की बीडीएस हे नंतर, गुण हातात आल्यावर. म्हटलं, आधी एमबीबीएस, नाहीच जमलं तर दात. ती म्हणाली, "नाहीच जमलं तर नही आत्या. दातच." वर बघितलंसुद्धा नाही. पेन्सिलीला टोक करत होती.
एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दातांचं सूत्र फळ्यावर लिहिलं, दोन-एक-दोन-तीन, आणि पुढच्या धड्यावर गेले. दातांसाठी कोणी पाच वर्षं देतं, हे डोक्यात शिरत नाही.

२ मार्च
मयूरी बारावीच्या परीक्षेसाठी पलीकडे महाराष्ट्रात, मामाकडे. तिचं नाव तिथल्या कॉलेजात आहे, जळगाव जिल्ह्यात. राहते ती अकरावीपासून माझ्याजवळ. दोन वर्षांत वर्गात किती दिवस बसली ते एका हाताच्या बोटांवर. हे मीच ठरवलं होतं. तिथे हजेरीचा जाच नाही, इथे मी शिकवते. विलास तेव्हा बिचकला होता. "ताई, असं चालते का?" मी म्हटलं, सगळे करतात.
घर शांत. दोन पोळ्या उरल्या.

१९ मार्च
उजवी खालची दाढ. तीन दिवस लवंग धरून बसले, मग गेले. डॉक्टर वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. "मॅडम, तोंड उघडा. आता तुम्ही बोलायचं नाही, मी बोलणार." तीस वर्षांची उधारी वसूल केल्यासारखं हसली.
मयूरी परीक्षा संपवून आली आहे आणि सवड मिळाली की या दवाखान्यात बसते, हे माहीत होतं. बघितलं आज. जसोंडीची एक म्हातारी खुर्चीवर चढायलाच तयार नव्हती. "मी मरीन वो बाई." मयूरी तिच्याशेजारी जमिनीवर उकिडवी बसली. सून कशी आहे, कापूस किती वेचला, घरी बकरी आहे का. बकरीवर म्हातारी मोकळी झाली. दहा मिनिटांनी आपणहून चढून बसली.
मी हे शिकवलेलं नाही.
दाढ काढली. अर्धा दिवस न बोलता गेला. मयूरीच्या मते घरात असा दिवस पहिलाच.

२५ मार्च
निंबोल्याला गेले होते. जेवणं झाल्यावर मयूरीने ओसरीवर सगळ्या बाप्यांना ओळीने बसवलं. वैशालीकडून शिकून आली आहे: आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायची, वरच्या-खालच्या दातांमध्ये. गेली तर ठीक. न गेली तर जबडा आखडायला लागला.
हसणं-खिदळणं. चुलत भावाची तीन गेली, टाळ्या पडल्या. शेजारच्या नानांची अडीच.
विलासची दोन. तीही घासून.
कोणी हसलं नाही. तो म्हणाला, "माहे बोटं जाड आहेत." उठला आणि गोठ्याकडे गेला. गुटख्याची पुडी खिशात होती, वरून दिसत होती. मंगलावहिनी पदराशी चाळा करत बसली. "दोन वरसं झाले ताई, भाकर दुधात कुस्करून खातेत. मले सांगतेत, दात शिवशिवतेत."
 

२६ मार्च
विलासला फोन केला. वैशालीकडे दाखव म्हटलं. "केळीचा माल निघाला की येतो." माल बारा महिने निघतो.

४ मे
परीक्षा झाली. केंद्र खंडव्याला. पहाटे निघालो, विलासने गाडी आणली. फाटकावर केसांची क्लिपसुद्धा काढायला लावली. आत जाताना वळून बघितलं नाही. बरं वाटलं. वळून बघणारी मुलं पेपरात पण मागचे प्रश्न बघत बसतात.
तीन तास लिंबाखाली. विलास आणि मी. शाळेत असताना अभ्यासाला शेजारी बसायचो, त्यानंतर इतका वेळ कधी बसलो नसू. तो म्हणाला, "ताई, एमबीबीएस झाली त गावात पहिली. दाताची डॉक्टर त... लोक म्हनतीन, नही भेटलं म्हनून."
मी म्हटलं, लोकांचे दात तपासून घे आधी.
बाहेर आली. "फिजिक्सनं मारलं. बायो मस्त." बस्स.

१४ जून
निकाल. आकडा लिहीत नाही. लिहिला तर रोज उघडून बघत बसेन. एमबीबीएसला सरकारीत पुरणार नाही, काठावर म्हणावं असंही नाही. डेंटलला, इंदूरच्या सरकारीत, आशा आहे. राज्यात सरकारी ते एकच, म्हणजे गर्दी.
विलास: "अजून एक वर्ष बसव."
मंगलावहिनी: "बसून बसून पोरगी काय अंडे देते?"
मयूरी चणे भाजत होती. "पप्पा, एक वर्षानं मले दुसरं काही आवडायला लागणार नही."
मी आतापर्यंत विलासच्या बाजूची होते. आज त्याची री ओढली नाही. तो चप्पल घालून गेला.

२ जुलै
प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या नियमांचा जाडजूड कागद हिंदीत आला आहे. झेरॉक्स काढून, लाल पेनाने खुणा करत वाचला. वर्गात वाचायचे तसा. लागणारे कागद: दहावी, बारावी, जातीचा, मूल निवासी म्हणजे इथला रहिवासी दाखला. आणि शपथपत्र: दुसऱ्या कोणत्याही राज्याचं रहिवासी प्रमाणपत्र मी घेतलेलं नाही. खोटं निघालं तर प्रवेश कधीही रद्द.
इथे काही अडचण नाही, असं समासात लिहिलं.

५ जुलै
ते समासातलं खोडलं.
विलास कागदांची प्लास्टिकची फाइल घेऊन आला. मूल निवासी काढायला गेले तर दोन निघाले. एक हिंदीतला, इथला. दुसरा मराठीतला: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास. महाराष्ट्र शासन. मामाचा पत्ता. नाव मयूरीचं. गेल्या वर्षीचा.
"हे काय आहे?"
"ते? ते असंच. काढून ठेवलं."
"कोणी?"
"मामानं त्याच्या रेशन कार्डात नाव टाकलं होतं न. एक मानूस होता, त्यानं करून देलं. दोन दरवाजे असले त बरं. इकडं नही लागलं त तिकडं."
विचारलं, तू राहतोस कुठे? निंबोल्याले. मयूरी कुठे राहते? तुझ्याकडे. मग तिथे कोण राहतं? मामा.
"ताई, आपन बॉर्डरवरचे लोक. सासुरवाडी तिकडं, शेती इकडं. माल तिकडं जाते, औषध तिकडून येते. पोरीचे दोन कागद असले त काय आभाय फाटलं? गावात चार जनायचे आहेत."
नियमाचं पान उघडून समोर ठेवलं. त्याने वाचलं. ओठ हलवत, हळू. मग कागद उचलून म्हणाला, "एक काडी लावली की संपलं. कोन पाहते?"
मी बोलले. बरंच बोलले. खोटेपणा, शपथ, कायदा, आईवडिलांचे संस्कार. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, आवाज न चढवता:
"तिचं नाव पलीकडच्या कॉलेजात तू टाकलं ताई. राहिली तुझ्या घरी. हजेरी लागली तिकडं. ते चालते, अन् मी केलं ते नही चालत?"
 चहा ठेवला. साखर दोनदा पडली.

६ जुलै
मयूरीला विचारलं. तिला माहीत होतं का?
"सही केली होती आत्या. पप्पांनी सांगितलं इथं कर, मी केली. दुसऱ्या दिवशी फिजिक्सची टेस्ट होती. वाचलं नही."
न वाचता सही करायची नाही, हे तिला किती वेळा सांगितलं. ती म्हणाली, "हो." आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पाणी आणून दिलं. जवळ घ्यायला हवं होतं का? आमच्या घरात घेत नाहीत. तरी.

७ जुलै
सकाळी नदीवर, राजघाटाला चालून आले. पाणी गढूळ, वरच्या चार पायऱ्याच उघड्या. चालताना ठरवलं: कागद जाळायचा नाही. तो जिथून आला तिथे परत न्यायचा.

९ जुलै
पलीकडे गेलो. मी, मयूरी, मामा. विलास आला नाही. तहसीलच्या कचेरीत अर्ज दिला: चुकीच्या माहितीवर घेतलेलं अधिवास प्रमाणपत्र रद्द करावं, कुठेही वापरलेलं नाही. अर्ज मयूरीने स्वतः लिहिला, मी फक्त एक 'सदर' काढायला लावलं.
कारकून चष्म्यावरून बघत राहिला. "रद्द? मावशी, लोक काढायला रांग लावतात. रद्द करायला तुम्ही पहिल्याच."
"मग करा सुरुवात."
"साहेब सुट्टीवर. चौकशी लागेल. तलाठी येईल, जबाब होईल. महिना, दोन महिने."
मामा घाबरला आहे. रेशन कार्ड त्याचं. "ताई, माह्यावर येईन का?" येऊ शकतं. तसंच सांगितलं. दिवसभर जेवला नाही बिचारा. पण संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की नाव मी टाकलं होतं.
हातात काय, तर पोचपावती. गोल शिक्का, आवक क्रमांक. रद्द झाल्याचा आदेश नाही.

१८ जुलै
नोंदणी केली. शपथपत्र या टप्प्याला लागत नाही. जागा मिळाल्यावर, प्रत्यक्ष कागद तपासताना. म्हणजे आदेश तोपर्यंत यायला हवा. पलीकडे दोनदा फोन. साहेब आले, आता तलाठी रजेवर.

१ ऑगस्ट
पसंतीक्रम भरायचे होते. मी एका कागदावर यादी करून ठेवली होती: वर चार एमबीबीएस, खाली डेंटल. लागलं तर लागलं म्हणून. मयूरीने वाचली, घडी घातली.
"आत्या, वरचं चुकून लागलं त जावं लागते न?"
"जावं लागतं."
"मग कशाले लिहू?"
माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं, मुद्देसूद. पण जसोंडीच्या त्या म्हातारीची बकरी मध्ये आली. म्हटलं, माउस तुझ्या हातात आहे.
इंदूरचं सरकारी पहिलं. मग दोन खाजगी, विलासला विचारून. लॉक केलं.

६ ऑगस्ट
विलास वैशालीकडे जाऊन आला. कोणाला न सांगता. वैशालीच्या फोनवरून कळलं. पुडी सोडा, बोटांनी रोज व्यायाम करा, इंदूरला दाखवा, असं सांगितलं आहे. तिने विचारलं, "कोणी पाठवलं?" "कोनी नही. पोरगी घरात असली की बसू देत नही."

१३ ऑगस्ट
लागली. इंदूर. सरकारी. बीडीएस.
मंगलावहिनी फोनवर इतक्या मोठ्याने ओरडली की फोन कानापासून दूर धरला. शेजाऱ्यांनी जलेबी पाठवली, माव्याची, तीन दिवस पुरेल. मयूरीने एक खाल्ली आणि विचारलं, "आदेश?"
नाही आला. हजर व्हायला पाच दिवस.

१५ ऑगस्ट
कचेऱ्या बंद. मयूरीने बॅग भरली. वहिनीने लोणचं, शेव, गादीची खोळ. मी पांढरे अ‍ॅप्रन दोन, शिवून घेतलेले. दुकानातले खांद्यावर लटकतात.

१६ ऑगस्ट
पलीकडे मामा दिवसभर कचेरीत बसून. तलाठ्याचा जबाब झाला. फाइल साहेबांच्या टेबलावर. सही नाही.
विलास संध्याकाळी आला. दारातच उभा. "ताई, मी काय म्हनतो. शपथपत्र दे म्हना. कागद त वापरलाच नही न आपन. कोन पाहते तिकडच्या कॉम्प्युटरमध्ये? पोरीची सीट आहे."
या वेळेला मी भाषण दिलं नाही.

१८ ऑगस्ट, इंदूर
आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.
रांग लांब. मुली, त्यांचे बाप, फायली. आमचा नंबर अकराच्या सुमारास. पुढे तिघी उरल्या तेव्हा छापील शपथपत्र हातात आलं. मयूरीने पूर्ण वाचलं. सातव्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली.
मी म्हटलं, "कर सही."
हो, मी. एकतीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडल्या, एकीने उत्तर पाहून लिहिलं तर पूर्ण पेपर शून्य केला. मी म्हटलं, कर सही, पोचपावती आहे, आदेश येईलच, उद्या-परवा, काय फरक पडतो. आवाज माझाच होता. विलाससारखा लागला.
तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चष्मा लागलेल्या माणसाकडे बघावं तसं, याला दिसत नसेल म्हणून.
"आत्या, आता मी वाचलं आहे न."
टेबलावर गेली. बाईंना म्हणाली, "मैडम, इसमें सातवीं लाइन मेरे लिए सही नहीं है। दूसरे राज्य का बन गया था। कैंसल की अर्ज़ी दी है।" पोचपावती, मामाचं पत्र, स्वतःचा एक पानी अर्ज. तो तिने कधी लिहिला, मला माहीत नाही. मराठी कागदांचं हिंदी करून जोडलेलं होतं.
बाईंनी तिघांना बोलावलं. चौथ्याला फोन. "बेटा, ये तुम नहीं बतातीं तो..." आणि वाक्य सोडून दिलं. एक तास बाहेर बाकावर. मागच्या मुली आत जाऊन, प्रवेश घेऊन बाहेर. एकीच्या बापाने आम्हालाही पेढा दिला. मयूरीने घेतला. खाल्ला पण.
मग आत बोलावलं. कागद ठेवून घेतले. प्रवेश 'निर्णयाधीन'. भोपाळच्या वरच्या कचेरीला विचारणार. रद्द झाल्याचा आदेश आणि भोपाळचं उत्तर, दोन्ही पुढच्या फेरीआधी आलं तर जागा तिची. नाही तर जागा फेरीत जाणार, दुसऱ्या कोणाला मिळणार.
जिन्यावर म्हटलं, "मी मघाशी बोलले ते..."
"भूक लागली आहे आत्या. आधी पोहे."
पोहे खाल्ले.

१९ ऑगस्ट
घरी. विलासला सगळं सांगितलं, मी काय म्हणाले तेही.  "तू म्हनली, कर सही?" "हो." हसेल असं वाटलं होतं. म्हणाला, "मंग मी एकटाच नही," आणि उठून पलीकडच्या बसची वेळ विचारली. उद्या तो स्वतः कचेरीत जाणार आहे. कागद मीच काढला होता, असं सांगायला.

२३ ऑगस्ट
विलासचा जबाब लिहून घेतला. तीन तास उभा होता म्हणे. साहेब म्हणाले, गुन्हा दाखल करता येतो, माहीत आहे ना? "म्हटलं, करा. पोरीची सही माह्या सांगन्यावरून आहे, तेवढं लिहा." लिहिलं.
सही बाकी.

२७ ऑगस्ट
भोपाळचं काही नाही. पलीकडचं काही नाही. पुढच्या फेरीची तारीख लागली: पाच सप्टेंबर.
मंगलावहिनी येऊन गेली. "ताई, खरं बोलून सीट गेली त पोरीले काय सांगू?" मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी खोटं बोलायला सांगितलं होतं. तिला हसू आलं. मलाही. मग दोघी बसून राहिलो, शेंगा सोलत.

३० ऑगस्ट
मयूरी दवाखान्यात जायला लागली परत, रोज. वैशालीने मेणाची कांडी आणि एक पातळ चाकू दिला आहे. पहिल्या वर्षाला मेणातून दात कोरावे लागतात म्हणे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसते. आज वरची पहिली दाढ. चार उंचवटे, एक जरा बसका. मी दाखवून दिलं. "माहीत आहे. मेण गरम झालं होतं." नव्याने सुरू केली.
विचारलं, जागा नाही राहिली तर?
"तर पुढच्या वर्षी फॉर्म. पण दाढ त तेवढीच असते न आत्या, पुढच्या वर्षी पण."

२ सप्टेंबर
दुपारी मामाचा फोन. सही झाली, आदेश निघाला. मेलवर आला, छापला, इंदूरला पाठवला. इंदूरच्या बाईंनी उत्तर दिलं: मिला। भोपाल भेज रहे हैं।
एक आलं. दुसरं भोपाळात.
मयूरीने विचारलं, बॅग उपसू का, कपड्यांना वास येईल. म्हटलं, राहू दे.

४ सप्टेंबर
सकाळपासून सहा वेळा मेल उघडला. नाही.
बॅग पुढच्या खोलीत दाराशी आहे. झाडताना उचलते, खालचं झाडते, परत तिथेच ठेवते. जड आहे. मयूरी आत मेण वितळवते आहे, वास येतो. उद्या सकाळी दहाला पुढच्या फेरीतल्या मोकळ्या जागांची यादी.